कोरडा पंप

"मी आल्याबिगर चावीला हात लावायचा न्हाई."

मतीनचा हा आवाज रविवारपासून राहीबाईंच्या कानातून जात नव्हता. आता तोच मतीन त्यांच्यासमोर गॅरेजच्या फरशीवर पडला होता आणि त्याच्या तोंडातून रक्त येत होतं.

राहीबाईंच्या नवऱ्याने, लालासाहेबांनी पुन्हा पाना उचलला. चाकाचे नट खोलायचा, हातभर लांब. पहिला घाव खांद्यावर बसला होता, दुसरा कानाजवळ. तिसऱ्याला मतीनने हातसुद्धा आडवा धरला नाही. मग पुतण्या यशराजने त्याला कॉलर धरून उठवलं, पोटात गुडघा घातला आणि भिंतीवर आपटलं. भिंतीला टांगलेली हत्यारं खळाखळा खाली आली.

लालासाहेबांची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. कृष्णेत साईराजची राख सोडून ते तसेच मलकापूरला मतीनच्या गॅरेजवर आले होते. एकुलता एक पोरगा. पाचगणीचा घाट उतरताना त्याच्या शर्यतीच्या गाडीचं इंजिन भर वेगात जाम झालं, चाकं जागच्या जागी धरली आणि गाडी कठडा तोडून खाली गेली. ओळखीच्या मेकॅनिकने काल इंजिन खोललं. शुक्रवारी बसवलेला नवा ऑईल पंप आतून ओरबाडला गेला होता. नव्या पंपाला आधी तेल पाजावं लागतं, मगच गाडी सुरू करायची. हा कुणीतरी कोरडाच फिरवलाय, असं तो म्हणाला. म्हणून सकाळी नदीत उभं राहून, राखेचं मडकं छातीशी धरून, लालासाहेब भावकीसमोर बोलले होते, "साईराज, ज्या हातानं पंप कोरडा फिरवला त्यो हात मी ठिवणार न्हाई. शब्द हाय माझा."

राहीबाई काठावर होत्या. रविवारपासून बोलल्याच नव्हत्या. बायका म्हणत, धक्का बसलाय. सोमवार, चतुर्थी, रोजची तुळस, यात कधी खंड न पडलेली बाई. सुतकात देव बंद, त्यामुळे हातांना काम नव्हतं. त्या हात पदरात गुंडाळून बसून राहत. आज आपणहून जीपमध्ये येऊन बसल्या, तेव्हा त्यांना खाली उतर म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

पंप तूच बसवलास का, असं लालासाहेबांनी विचारलं. मतीनने होकारार्थी मान हलवली. तेल पाजलं होतंस का? यशराजने बुक्की घातली. पुढचा दात मोडून ओठात रुतला.

"साईराजच्या ताटात जेवायचास की रं," यशराज म्हणाला. "तवा लय बोलायचास."

मतीन थुंकला. त्याची नजर राहीबाईंकडे गेली आणि लगेच खाली वळली.

"माझ्याच हातनं चुकलं, काका."

कामाच्या बाकावर पार्ट दाबून धरायचा लोखंडी वाइस होता. यशराजने मतीनचा उजवा हात त्याच्या दोन जबड्यांत कोंबला. लालासाहेबांनी दांडी फिरवली. आधी करंगळी गेली; ओल्या उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. मतीन गुडघ्यावर आला. ओरडला. अल्लाला हाक मारली, मेलेल्या बापाला मारली. बाकी कुणाचं नाव घेतलं नाही.

बाकाच्या वर, खिळ्याला, शुक्रवारचा झेंडूचा हार सुकत होता. तो राहीबाईंनी आणला होता.

शुक्रवारी पंप बसवून, तेल पाजायचं बाकी ठेवून मतीन नमाजला गेला. जाताना बजावून गेला, तो राहीबाईंनाच. पण गुरुजींनी काढून दिलेली वेळ टळत चालली होती आणि साईराज पेढे आणायला रस्त्यापलीकडे गेला होता. राहीबाईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ वाढवला आणि मुहूर्तावर चावी फिरवली. इंजिन गरजलं. समोर तेल पोचत नसल्याचा लाल दिवा लागला. त्यांना तो निरांजनासारखा वाटला. साईराज धावत येऊन गाडी बंद करेपर्यंत राहीबाई दिव्यापुढे हात जोडून बसल्या होत्या.

नंतर दाराआडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. परत खोलून बघू, असं मतीन काकुळतीला येऊन सांगत होता. रविवारी गाडी घाटात पाहिजेच, असं साईराजचं चाललं होतं. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "आन् आईला बोलू नको गड्या. जेवण सोडंल ती."

"न्हाई बोलत," मतीन म्हणाला होता.

लालासाहेबांनी दांडीवर पुन्हा जोर घेतला. राहीबाई पुढे झाल्या. नवऱ्याचं मनगट बाजूला सारून त्यांनी दांडी उलटी फिरवली. मतीनचा हात चेंदामेंदा होऊन बाहेर आला. त्यांनी पदर फाडून तो बांधला. याला आधी दवाखान्यात ने, असं यशराजला सांगितलं. इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज ऐकून यशराज मुकाट्याने मतीनला धरून बाहेर पडला.

मग भाकरी थापायला बसताना सारतात तशा राहीबाईंनी बांगड्या कोपराकडे सारल्या आणि आपला उजवा हात वाइसमध्ये ठेवला.

"आवं, पोराला शब्द दिलाय तुमी," त्या म्हणाल्या. "चावी ह्या हातानं फिरवली व्हती."

लालासाहेब त्या हाताकडे बघत राहिले. दांडीकडे त्यांचा हात गेलाच नाही.

राहीबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग डाव्या हाताने दांडी धरली आणि सावकाश आवळायला घेतली.