धुतलेली अंडी

ट्रेमधली मगरीची अंडी चिनी मातीच्या कपांसारखी लखलखत होती. चिखलाचा डाग नाही, पेन्सिलची खूण नाही. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

मागे सफाईवाल्या मावशी उभ्या होत्या, खांद्यावर फडकं टाकून. "काल दुपारी एकेक पुसलं बरं का. लेकरासारखं."

अंडी उबवायच्या या खोलीचे सर्वेसर्वा मास्तर. हे नाव मगर-संवर्धन केंद्रातल्या लोकांनी चेष्टेनं पाडलेलं, कारण भेटेल त्याला ते शिकवत सुटायचे. नदीतली मगरीची ही जात संपत आलेली. यंदा एकच घरटं सापडलं आणि मास्तरांनी ते गेल्या आठवड्यात स्वतःच्या हातांनी उकरून आणलं. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलनं खूण करून, ती बाजू वरच ठेवून. कोवळा जीव वरच्या कवचाला चिकटलेला असतो. अंडं उलटलं की दबून मरतो. मावशींना त्यांनी उंदरांचं सांगितलं, दाराच्या कडीचं सांगितलं. नेमकं हेच सांगायचं राहिलं. उलट परवा म्हणाले होते, "वनखात्याचे साहेब यायचेत, खोली आरशासारखी पाहिजे."

त्यांनी टॉर्च लावून एक अंडं पाहिलं. जीव चिकटतो तिथला पांढरा डाग खाली गेला होता. दुसऱ्याचा कुशीला. तिसऱ्याचा पुन्हा खाली. ट्रे संपेपर्यंत वरच्या बाजूला एकाचाही सापडला नाही.

"काही चुकलं का हो?"

त्यांनी सांगितलं. ओरडायला तोंडच नव्हतं त्यांना.

मावशी स्टुलावर बसल्या. "मग परत फिरवा की. होती तशी."

"रात्र गेली, मावशी. आता नाही उपयोग."

"पुढच्या वर्षी घालेल की ती मगर."

"कुठे घालेल? वाळू उपसायला लागलेत तिच्या काठावर. अंडी केंद्रात सुखरूप आहेत, काठ मोकळा झालाय, असं मीच लिहून दिलं."

मावशींनी फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. मास्तरांना रडू येत होतं, पण तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं.

साहेब उंबऱ्यातच थबकले. ट्रे दिसताच त्यांनी बूट काढले, बरोबरच्यांना हातानं थांबवलं आणि चवड्यांवर चालत आत आले. वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. माणूस खरंच हरखला होता.

"मोठ्यानं बोललं तर त्रास होतो का यांना?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

मास्तर भिंतीकडे बघत होते.

"नाही साहेब," मावशी म्हणाल्या. "बोला तुम्ही मोठ्यानं."