मोहरेचं वाण

साखरबाईच्या फोननं पहिल्यांदा टुंग केलं तेव्हा ती म्हशीपुढं वैरण टाकत होती. दुसऱ्यांदा केलं तेव्हा तिनं हात पदराला पुसले. आणि मग तो थांबेचना.

पडद्यावर ओळ होती: 'मोनाकडून १ मोहर. संक्रांतीचं वाण.' त्याखाली आसावरीकडून, त्याखाली प्रयागबाईकडून, त्याखाली पद्माताईंकडून. अशा एकोणचाळीस ओळी. घाईत आपण दुसरीचाच फोन उचलून आणला की काय, म्हणून साखरबाईनं तो उलटा करून पाहिला. मागं नातीनं चिकटवलेलं फुलपाखरू होतं. फोन तिचाच होता.

मोहर त्या दिवशी सकाळीच जन्माला आली होती. वडगावच्या बचत गटांच्या संघानं गावापुरता पैसा काढला होता, तोही फोनमधला. एक मोहर म्हणजे एक रुपया. किराण्याला चालेल, गिरणीला चालेल, पेंडीला चालेल, पण शिवेबाहेर तिला कुत्रं विचारणार नाही. गावचा पैसा बारामतीच्या दुकानांत जाऊन मुक्काम ठोकतो, तो जरा घरी राहावा, एवढाच बेत. नव्वद बायांना शंभर-शंभर मोहरा मिळाल्या. भाषणं झाली, नारळ फुटला. साखरबाईनं टाळ्या वाजवल्या आणि हळदीकुंकवाची तबकं निघायच्या आत ती उठून घरी आली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. संक्रांतीला कधी उठायचं, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

आणि आता हे वाण. चुकून आलेलं, हे तर उघड होतं. पण एकोणचाळीस जणी एकदम चुकतील? तिला हसू आलं, मग रडू आलं, मग स्वतःचाच राग आला. उद्या कुणी म्हणायला नको, बाईनं गुपचूप वाण पदरात पाडून घेतलं. वैरण अर्धवट टाकून ती निघाली.

डेअरीशेजारच्या खोलीत करुणा कपाळाला हात लावून संगणकापुढं बसली होती. बारामतीला बी.कॉम. झालेली ही पोरगी मोहरेचा सगळा कारभार पाहायची. तिचं घर बौद्ध; हळदीकुंकू, वाण यातलं त्यांच्याकडं काही नाही. त्यामुळं ती जास्तच बुचकळ्यात पडली होती.

"मावशी, काय चाललंय गावात? साडेतीन हजार येव्हार झालं, आन् गिरणीवर एक मोहर खर्चली न्हाय. जिला तिला एकेक!"

"ते ऱ्हाऊ दे. माझ्याकडं आलंय ते परत घे."

"परत घ्यायची सोयच न्हाय ह्यात. फकस्त पुढं पाठवता येतं."

साखरबाई दारामागच्या बाकावर टेकली. तेवढ्यात दार ढकलून संघाच्या अध्यक्ष पद्माताई आत आल्या. अंगावर नवी काळी साडी, एका हातात हळदीकुंकवाचं तबक, दुसऱ्यात फोन. बाकाकडं त्यांचं लक्ष गेलं नाही.

"करुणा, घोळ झालाय गं. मी आपलं हौसेनं म्हनलं, यंदा वाण मोहरेचं लुटू. 'सगळ्यांना पाठवा' दाबलं. माझं बघून समद्या दाबत सुटल्या. आता त्यातलं सात जणींचं तेवढं काढून टाक."

"कुठल्या सात?"

"अगं, त्या... त्या सात."

करुणानं यादी खालीवर सरकवली. "ताई, हितं नाव हाय, गट हाय, फोन नंबर हाय. तसला रकाना न्हाय. तुमीच नावं सांगा, कोण कोण ते."

"आता ही साखरबा..." पद्माताई हात करून म्हणाल्या, आणि हाताबरोबर त्यांची नजर बाकावर गेली.

दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन वडगावात आलेल्या. तेव्हापासून नऊ वर्षांपूर्वीपर्यंतची एकही संक्रांत दोघींनी एकमेकींशिवाय केली नव्हती. पद्माताईंनी केलेला हात खाली घेतला.

"वाईट वाटून घिऊ नगं बाई," पद्माताई शेवटी म्हणाल्या. "म्या न्हाय काय केलं. बटणानं केलं."

"व्हय की," साखरबाई म्हणाली. आपल्याला अपमान वाटतोय की आनंद, हे तिला खरंच समजत नव्हतं. दोन्ही एकदम वाटायची तिला सवय नव्हती. तिनं फोन करुणापुढं धरला. "ते सगळ्यांना पाठवायचं बटण कुठंशी हाय, दाव."

करुणानं दाखवलं. साखरबाईनं त्यावर अंगठा टेकवला आणि दाबला.

पद्माताईंच्या हातातल्या फोननं टुंग केलं. 'साखरबाईकडून १ मोहर. संक्रांतीचं वाण.'

आलेल्या वाणाला नाही म्हणायचं नसतं, आणि देणारीला उलट हळदीकुंकू लावायचं असतं. पद्माताईंच्या हातात ते तीस वर्षं भिनलेलं. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, आणि डोकं काही ठरवायच्या आतच त्यांचं बोट कुंकवाच्या करंड्यात बुडालं आणि साखरबाईच्या कपाळाकडं निघालं.

अर्ध्या वाटेत ते थांबलं. बाहेर डेअरीच्या कट्ट्यावर कुणाचा तरी फोन वाजला, मग आणखी एक. कपाळ पुढं न्यावं की मागं घ्यावं, साखरबाईला कळेना. ती हललीच नाही. दोघींच्या मधोमध ते लाल झालेलं बोट तसंच राहिलं.