मामांची पहाट

पहाटे पाचला केतकीने मामांचं दार वाजवलं. दार मामींनी उघडलं.

गेल्या वर्षी केतकीची साखर आटोक्यात येत नव्हती, तेव्हा मामांनी पहाटे फिरायची आपली जुनी सवय तिला देऊन टाकली. इस्पितळात ती त्यांच्या मेंदूतून काढून तिच्या मेंदूत बसवली. केतकी सुधारली, मामा मात्र आठपर्यंत लोळू लागले, गुडघे आखडले. रोज चालले तर सवय कदाचित पुन्हा रुजेल, असं डॉक्टर म्हणाल्या. म्हणून केतकी रोज त्यांना उठवायला यायची.

"या वेळी चोर फिरतात गं," मामा पांघरुणातूनच म्हणायचे.

आज मामी हसत होत्या. "हे मघाशीच गेले. म्हणाले, ती आळशी आली की टेकडीवर पाठव."

केतकी डोळे पुसत निघाली. मामा उद्याही आपणहून उठतील का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं.