मांडीवरचे हात

नझीरने कुवेतहून आणलेल्या ऊद या तंतुवाद्यावर एक अरबी सूर लागायचा, माझ्या पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधला. तो सूर आला की मी हात मांडीवर ठेवायचे, असं बँडमध्ये ठरलेलं. जॅझ माझं, लॅटिन ठेका मी बसवलेला. पण लोक डोळे मिटायचे ते त्याच्या सुरावर.

आज भर कार्यक्रमात तो सूर लागला आणि मी मुद्दाम पियानोवर तुटून पडलो. आता त्याचाच सूर बेसूर ठरणार! पण त्याचं बोट तारेवर सरकून माझ्या पट्टीच्या सुरावर आलं. टाळ्या थांबेनात.

विंगेत त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “विसरलास ना, मेल्विन? होतं रे. मी घेतलं सांभाळून.”

निदान माझा दुष्टपणा तरी माझ्या नावावर राहू द्यायचा होता त्याने!