काळ्याचा बचाव

बुद्धिबळ स्पर्धेच्या शेवटच्या फेरीला सर उशिराच उगवले आणि हॉलबाहेर बसलेल्या पालकांमध्ये ऐसपैस टेकले. समोरच्या पडद्यावर नुसता पट दिसत होता, खेळणाऱ्यांची नावं नव्हती. मागच्या फेरीत आपल्या शिष्येकडे काळी मोहरी होती, म्हणजे आज पांढरीच असणार, हे सरांनी परस्पर ठरवून टाकलं. "अहो सर, आज पण तिची..." म्हणत तिच्या आईनं तोंड उघडलं, तर सरांनी हातानंच तिला गप्प केलं.

"ताई, तुम्हाला यातलं काही कळत नाही. नुसतं बघा."

मग ताई नुसतं बघत बसल्या.

काळ्यानं सिसिलियन बचाव घेतला तेव्हा सर फिसकन हसले. घोड्याच्या बदल्यात त्यानं चक्क हत्ती दिला, तेव्हा तर त्यांनी कपाळाला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कुठल्या गाढवानं शिकवलंय याला?"

पण बघता बघता पांढऱ्या राजाला पळता भुई थोडी झाली आणि पांढऱ्यानं डाव सोडला. दार उघडून लेक धावतच बाहेर आली. "आई, जिंकले! परत काळी मोहरी आली होती, तरी जिंकले!"

सरांचा चेहरा क्षणभर उतरला. मग ते उठले, शर्ट नीट केला आणि छाती काढून म्हणाले, "बघितलंत? हा बचाव मीच घोटून घेतलाय हिच्याकडून!"

ताईंनी पर्स खांद्याला लावली आणि शेजारच्या पालकांकडे वळल्या.


"चला, सर मघाशी विचारत होते ते गाढव सापडलं."