आवाज करणारा पंप

दुकानदाराने पुठ्ठ्यावर फिल्टरचा नकाशा काढला. वर जिवंत प्रवाळांची काचेची टाकी, खालच्या कपाटात दुसरी छोटी टाकी आणि दोन्हींत पाणी खेळवणारा पंप. "प्रवाळ नाजूक असतात, मॅडम. पंप बंद पडायला नको."

वृंदाने नकाशातल्या खालच्या टाकीवर बोट ठेवलं. "आमच्याकडे गुरुवारी वीज जाते. मग खालची टाकी भरून वाहील? की प्रवाळ गुदमरतील?" हे तिने तिसऱ्यांदा विचारलं होतं.

"खाली जागा मोकळी सोडलीय, सांडणार नाही. आणि पंपाला इन्व्हर्टर लावा."

"इन्व्हर्टर आहे. सासऱ्यांच्या ऑक्सिजनच्या मशीनसाठी घेतला होता. टाकीही त्यांच्याच खोलीत ठेवतेय, पलंग होता तिथे."

मग त्याने एक खोका पुढे सरकवला. "हाच पंप न्या. इतका शांत, की चालू आहे हेसुद्धा कळत नाही."

वर्षभर भाकऱ्या थापताना तिचा एक कान त्या मशीनच्या घरघरीकडे असायचा. घरघर थांबली, की ती पिठाच्या हातांनीच धावायची.

"नको." तिने खोका मागे ढकलला. "आवाज करणारा द्या. बंद पडला, तर स्वयंपाकघरात कळायला हवं."