समोर दिसेल तो टाका

एस्तेरबाई दर गुरुवारी चर्चच्या खोलीत बायकांना विणकाम शिकवायच्या. दोन सुलट, दोन उलट टाक्यांची पट्टी आली, की त्यांचं वाक्य ठरलेलं असायचं, "आपल्याला उलट दिसतो ना, तो टाका देवाच्या बाजूनं सुलटच असतो."

नर्सिंग शिकणारी त्यांची लेक सलोमी आठ दिवसांच्या तापानं गेली, तेव्हा भिवंडीतल्या साऱ्या ओळखीच्या बायका येऊन तेच वाक्य त्यांना ऐकवून गेल्या. बाई प्रत्येकीला "हो, प्रभूची इच्छा" म्हणत होत्या, वर चहाही विचारत होत्या. डोळ्यांतून टिपूस काही आलं नव्हतं.

दहाव्या दिवशी जवळच्या वळ गावाहून शेवंता आली. ती चर्चची नव्हे, नुसती विणायला यायची. टोपलीतला सलोमीचा अर्धा राहिलेला स्वेटर उचलून तिनं बाईंच्या हातात दिला. पट्टीची ओळ मध्येच सोडलेली होती. बाईंनी सुई धरली आणि हात थांबला.

"शेवंता, पुढचा कुठला गं? सुलट की उलट? मला काही सुचत नाहीये."

"तुमीच शिकवलंय ना बाई, अडलं की आपल्या मनाचा घालायचा न्हाय, समोर दिसेल तोच घालायचा." शेवंतानं टाक्यावर बोट ठेवलं. "हा उलट हाय. देवाच्या बाजूचं देव बघेल. तुमी तुमच्या बाजूनं रडा."